एका सेकंदाला साडेचार मिनिटं

भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, लॉर्ड्सवर. तेव्हापासून ऑक्टोबर २०१८पर्यंत, म्हणजे ८६ वर्षांत, कसोटी खेळलेल्या भारतीय पुरुषांचा आकडा २९४वर पोचला. त्यातला २९३वा पृथ्वी शॉ, विरारला वाढलेला. २९४वा शार्दुल ठाकूर, पालघरजवळच्या माहीमचा. पृथ्वीला टोपी मिळाली ४ ऑक्टोबरला राजकोटला, शार्दुलला १२ ऑक्टोबरला हैदराबादला. हैदराबादच्या त्या कसोटीत उतरलेल्या अकरा भारतीयांत दोघे पालघर जिल्ह्याचे होते. आणि हा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. चार वर्षांच्या जिल्ह्याचे दोन कसोटीवीर, तेही लागोपाठच्या क्रमांकांचे!

आम्हा वसई-विरारकरांना याचा अभिमान आहेच. पण दर रविवारी इथल्या मैदानांवर पांढऱ्या कपड्यांतली जी पोरं दिसतात, त्यांच्या आईबापांचा प्रश्न वेगळा असतो. मुलगा चांगला खेळतो, आता पुढे काय? उत्तर ठरलेलं आहे: हॅरिस आणि गाइल्स शिल्ड गाजवणारी शाळा, कांगा लीग खेळणारा क्लब, मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या ट्रायल्स, त्यातून उन्हाळी शिबिर, मग संभाव्य खेळाडूंची यादी. यातल्या बहुतेक वाटा विरारहून सुटणाऱ्या लोकलनेच जातात.

त्या वाटेचा हिशोब एकदा मांडू या. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. वर्षातले २५० दिवस मुलगा सरावाला गेला, तर ३०,००० किलोमीटर होतात. दहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत हे चाललं, तर १,८०,००० किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला साडेचार फेऱ्या मारल्यासारखं झालं, आणि मुलाचा अजून दहावीचा निकालही लागलेला नसतो.

वेळेचा हिशोब याहून कडू आहे. फास्ट लोकल मिळाली तरी एका बाजूला ८० मिनिटं धरा, रोजची १६०. सहा वर्षांत होतात ४,००० तास, म्हणजे दिवसरात्र धरून साडेपाच महिने. आणि हे कशासाठी? नेट्समध्ये पोरांची रांग असते. एकाच्या वाट्याला बॅटिंग येते ती दहा-पंधरा मिनिटं. पंधराच धरू. सहा वर्षांची बेरीज ३७५ तास, म्हणजे जेमतेम सोळा दिवस.

आणखी आत जाऊन पाहू. पंधरा मिनिटांत साधारण साठ चेंडू खेळायला मिळतात. ताशी ११० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त घेतो. साठ चेंडूंचे झाले ३५ सेकंद. फलंदाज घडतो तो याच ३५ सेकंदांत: लेंथ ओळखणं, पाय हलवणं, सोडायचा की मारायचा ते ठरवणं. त्यासाठी गाडीत १६० मिनिटं. समोरून येणाऱ्या चेंडूच्या एका सेकंदाला लोकलची साडेचार मिनिटं मोजावी लागतात. मी हा भागाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला, उत्तर बदलत नाही.

बरं, ही मिनिटं बसून जातात असंही नाही. विरारला गाडी सुटते म्हणून तिथल्या मुलाला निदान आशा असते. नालासोपाऱ्याच्या मुलाला बसायचं असेल तर आधी उलटं विरारला जाऊन रिटर्न मारावं लागतं. त्यात खांद्यावर किटबॅग. पॅड, हेल्मेट, थायपॅड, दोन बॅटी, बूट, डबा, पाण्याची बाटली. ती रॅकवर मावत नाही. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, हा रेल्वेच्याच परिभाषेतला आकडा. किटबॅग आडवी ठेवली तर चार-पाच माणसांची जागा खाते. म्हणून पोरं ती उभी धरतात, हँडल छातीशी, हनुवटी बॅगेवर टेकवून. भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत हात भरून येतात. बोरिवलीला उतरणाऱ्यांचा लोंढा आला की बॅग एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे. मालडबा मिळाला तर नशीब.

पृथ्वी शॉ लहानपणी याच गाडीने विरारहून वांद्र्याला जायचा, वडिलांचा हात धरून. आई तो चार वर्षांचा असताना गेली होती. मग आला नोव्हेंबर २०१३. १६ तारखेला वानखेडेवर सचिन तेंडुलकर निवृत्त झाला. चारच दिवसांनी, २० तारखेला, आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफिल्डकडून पृथ्वीने ५४६ धावा केल्या. वय चौदा वर्षं आणि अकरा दिवस. चेंडू ३३०, चौकार ८५, षटकार ५. चौकार-षटकारांच्याच धावा ३७० होतात. उरलेल्या १७६ त्याने पळून काढल्या, म्हणजे पॅड बांधून तीन किलोमीटरहून जास्त धावला. जोडीदाराच्या धावांसाठी पळाला ते वेगळंच. तो खेळपट्टीवर सहा तासांहून अधिक उभा होता. संघाच्या धावा ९९१, प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या डावात ९२.

त्या खेळीने मोडलेला विक्रमही आमच्याच रुळांवरचा होता. तोवर कुठल्याही दर्जाच्या नोंदवलेल्या क्रिकेटमध्ये भारतीयाची सर्वोच्च खेळी होती दादाभॉय हवेवाला यांची ५१५, मुंबईतच, १९३३-३४च्या मोसमातली. ते खेळत होते बी.बी. अँड सी.आय. रेल्वेच्या संघाकडून, आणि याच कंपनीने १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतलं बॅकबे ही पहिली लोकल चालवली होती. तेव्हा दिवसाला एकच गाडी होती.

एवढी मोठी खेळी करूनही मुंबईच्या अकरात जागा मिळवणं वेगळं. २०११च्या जनगणनेत मुंबईचे दोन जिल्हे आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मिळून लोकसंख्या होती २ कोटी ३५ लाख. डहाणूपासून बदलापूरपर्यंतच्या या सगळ्या पसाऱ्याला रणजीचा संघ एकच. त्याने २०२३-२४पर्यंत ४२ वेळा रणजी जिंकली ती उगाच नाही. आता सोळा वर्षांखालच्या संघाचं बघा. माझ्या ढोबळ अंदाजाने चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे चार लाखांच्या आसपास. त्यातला वीसातला एकच मनापासून क्रिकेट खेळतो असं धरलं तरी वीस हजार. संघात जागा पंधरा. तेराशेत एक.

अमेरिकेत शाळकरी बेसबॉलपटूंचे आईबापही असेच हिशोब करत बसलेले असतात, कुठल्या कॉलेजच्या शिबिरात मुलगा प्रशिक्षकाच्या नजरेत भरेल याचे. तिथे हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणारे सुमारे पावणेपाच लाख. त्यातले शंभरातले सातेक एनसीएए या संघटनेच्या कॉलेजांकडून खेळतात, आणि सर्वांत वरच्या गटात शंभरातले दोनच. स्पर्धा तिथेही जीवघेणी आहे. पण वरच्या गटातली कॉलेजंच तीनशेच्या घरात आहेत. एका दारातून परत पाठवलं तर दुसरं वाजवता येतं.

खरा धक्का मला न्यूझीलंडच्या आकड्यांनी दिला. त्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, आणि प्रथम श्रेणीचे संघ सहा. म्हणजे साडेआठ-नऊ लाख माणसांमागे एक संघ. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११मध्येच १२ लाख २२ हजार होती. न्यूझीलंडच्या मापाने वसई-विरारचा स्वतःचा प्रथम श्रेणी संघ असता आणि त्याच्या ट्रायल्सना आमची पोरं सायकलवरून गेली असती.

इकडे जे पुढे गेले त्यांच्या कहाण्या पाहिल्या तर एक गोष्ट सगळीकडे आढळते. शार्दुलचं पालघर चर्चगेटपासून नव्वदेक किलोमीटर. विरारपुढे लोकल सुरू झाली २०१३च्या एप्रिलमध्ये. तोवर तो मोठा झाला होता. शाळकरी शार्दुलने हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले ते बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेकडून. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. या लाडसरांनीच १९९९मध्ये एका क्रिकेट शिबिरात रोहित शर्माला हेरलं. शिबिराचे पैसे काकांनी भरलेले. आईवडील डोंबिवलीत, मुलगा बोरिवलीत आजी-आजोबांकडे. पृथ्वीचीही पुढे सांताक्रूझला राहायची सोय झाली. तिघांची गुणवत्ता तर वादातीतच. पण तिघांसाठीही कुणीतरी अंतर कापलं होतं. ज्यांच्यासाठी कुणी कापलं नाही, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आणि माझ्या मते ती संख्या या लेखातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त जिव्हारी लागणारी आहे. नववीत गेल्यावर क्लास सुरू होतात, गाडीची दगदग झेपत नाही, किटबॅग माळ्यावर जाते.

पुढे जाऊनही हमी नसते, हे इथल्या आईबापांनी लक्षात ठेवावं. पदार्पणात १५४ चेंडूंत १३४ करणारा, कसोटी पदार्पणात शतक करणारा सर्वांत लहान भारतीय पृथ्वी पाच कसोटींवर थांबला आहे. शार्दुलने मात्र जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला ६७ धावांची खेळी करून आणि सात बळी घेऊन सामना फिरवला.

म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनला आणि शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. अकादम्या आता वसई-विरारमध्येही आहेत, शिकवणारे आहेत, मैदानं आहेत. ट्रायल्सच्या जितक्या फेऱ्या आणि शिल्डचे जितके सामने इकडे घेता येतील तितके घ्या. दोनशे मुलं चर्चगेटला जाऊन आली तर २४,००० किलोमीटर होतात. निवड समितीचे चार जण विरारला येऊन गेले तर ४८०. शिवाय सकाळी त्या दिशेच्या गाडीत बसायला जागाही मिळते.