तेल डोळ्यांत घालावे, कानात नाही

कान वाहू लागला की आपल्याकडे आधी तेलाची वाटी गरम होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या दुधनीसारख्या गावात भाषा मराठी असो वा कन्नड, हा उपाय सगळ्यांना ठाऊक. पण कानातून वारंवार घाण वासाचा पू येत असेल, तर आत कोलेस्टिॲटोमा असू शकतो. चुकीच्या जागी साचणारी ही कातडी कर्करोग नव्हे. तरी शेजारचे हाड पोखरत जाते. मग कानामागचे हाड ड्रिलने कोरून ती काढावी लागते.

खरी जोखीम इथेच असते. चेहरा हलवणारी नस याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून सुमारे ३ सेंटिमीटर जाते. रोगाने बोगद्याची भिंत खाल्ली असेल, तर नस उघडीच पडलेली असते. तिला इजा झाली, तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते, चूळ भरताना पाणी गळते.

जर्मन शल्यविशारद फेडोर क्राउझे यांनी १८९८ मध्ये ऑपरेशन चालू असताना सौम्य वीजप्रवाह देऊन ही नस ओळखली होती. पुढेही कित्येक वर्षे एक मदतनीस डोळ्यांत तेल घालून रुग्णाचा चेहरा न्याहाळत बसे: गाल फडफडला, की थांबा!

आता ही राखण यंत्र करते. डोळ्याच्या व ओठांच्या स्नायूंत बारीक सुया टोचतात. नसेला धक्का लागताच स्नायूंत उमटणारी विजेची लहर स्पीकरवर ऐकू येते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस अशीच सांभाळतात. तिथे श्वासनळीत घातलेल्या ट्यूबवरचे इलेक्ट्रोड स्वरयंत्राच्या स्नायूंतली लहर टिपतात.

मात्र यंत्र गप्प आहे म्हणजे नस सुखरूप आहे, असे नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल, तर नसेने हाक दिली तरी स्नायू उत्तर देत नाही. म्हणून भूलतज्ज्ञाला ते औषध मोजून-मापून वापरावे लागते, आणि शल्यविशारदाला नसेची वाट आधीच पाठ असावी लागते.

दुधनीहून सोलापूरला थेट रेल्वे आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. वाहणारा कान वेळीच दाखवा. ऑपरेशन ठरलेच, तर ‘चेहऱ्याच्या नसेवर लक्ष कसे ठेवणार?’ हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि तोवर कानात तेल घालू नका.