इथेनॉलचे पेट्रोल : बचत कोणाची, खर्च कोणाचा?

पावसाळ्यातल्या एका सकाळी ओपीडीत तिशीचा एक तरुण आला. रात्रभर खोकला, छातीत आग आणि अंगात ताप. उल्हासनगरच्या कॅम्प 5 मधल्या जीन्सच्या कारखान्यांतून गठ्ठे उचलायचे आणि मोटारसायकलवरून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पोहोचवायचे, हे त्याचे काम. आदल्या दिवशी गाडी बंद पडली. ‘इथेनॉलमुळे टाकीत पाणी झालंय, पेट्रोल काढून टाक,’ असे कोणीतरी सांगितले. त्याने नळी तोंडात धरून पेट्रोल ओढले. एक घोट आत गेला, ठसका लागला.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरट डाग दिसला. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ असते. ठसक्याबरोबर ते श्वासनलिकेत उतरते, वायुकोशांच्या आतला संरक्षक थर नष्ट करते आणि तिथे दाह सुरू होतो. चार दिवस तो वॉर्डात राहिला. हातावर पोट असलेल्याची चार दिवसांची मजुरी बुडाली. घरी जाताना त्याने विचारले, “साहेब, हे पेट्रोल स्वस्त पडतं म्हणतात. मग माझा खर्च का वाढला? आधी पन्नासचं अ‍ॅव्हरेज होतं, आता अडतीस!”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

एक लिटर पेट्रोल जळल्यावर जितकी ऊर्जा मिळते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा एक लिटर इथेनॉलमधून मिळते. म्हणून 20 टक्के इथेनॉल असलेल्या ‘ई-20’ च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 7 टक्के ऊर्जा कमी असते. 10 टक्क्यांचे मिश्रण तर आपण 2022 पासून वापरतच होतो. त्याच्याशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातला अंदाज असाच आहे : जुन्या धर्तीच्या मोटारींत 6 ते 7 टक्के घट, दुचाकींत 3 ते 4 टक्के आणि ई-20 साठी जुळवलेल्या मोटारींत 1 ते 2 टक्के.

आता या तरुणाचा हिशेब मांडू. रोज 100 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस, लिटरला 50 किलोमीटर. म्हणजे 52 लिटर. आकडे सोपे राहावेत म्हणून लिटरचा भाव 100 रुपये धरू. मायलेज 3 ते 4 टक्क्यांनी घटले, तर महिन्याला 160 ते 220 रुपये जास्त जातात. पूर्ण 7 टक्क्यांनी घटले, तर सुमारे 390 रुपये. रोजंदारीवरच्या माणसाला ही रक्कम लहान नाही. वाहनचालकाचे पैसे वाचायचे असतील, तर ई-20 चा भाव शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 7 टक्के कमी हवा. आपल्याकडे पंपावर तसे दोन भाव नसतात. ब्राझीलमध्ये असतात. तिथे इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरायचे, हा हिशेब सामान्य चालकही जाणतो.

मग आपल्याकडे भाव का उतरला नाही? कारण इथेनॉलच स्वस्त राहिले नाही. सरकारनेच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले की, खरेदीचा सरासरी दर वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला 71 रुपये 32 पैसे झाला असून तो शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या खर्चाहून जास्त आहे. बचत झाली ती देशाची. 2014-15 पासून 1 लाख 40 हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचल्याचा सरकारी आकडा आहे. ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला आणि साखर कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले. महाराष्ट्र यात सुरुवातीपासून आहे. 2001 मधले पहिले प्रायोगिक प्रकल्प मिरज आणि मनमाडलाही झाले होते. हा फायदा खरा आहे, पण तो पंपावरच्या पावतीत दिसत नाही.

तरीही पन्नासचे अडतीस इथेनॉलने होत नाहीत. ही घट 24 टक्क्यांची आहे. सात टक्के समजू शकतो, बाकीचे कुठून आले? आम्ही डॉक्टर रुग्णाला सांगतो की एका लक्षणाला एकच कारण चिकटवू नका, तेच इथेही लागू आहे. मेकॅनिकला एअर फिल्टर तुंबलेला आणि कार्बोरेटर घाण झालेला सापडला. शिवाय मागे गठ्ठ्यांचे ओझे आणि टायरमध्ये हवा कमी. टाकीत पाणी मात्र खरेच होते. इथेनॉल पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन तळातूनच इंधन ओढते. पावसात उघड्यावर उभी राहणारी, झाकणाचे रबर झिजलेली जुनी गाडी अशीच बंद पडते.

फुप्फुसांच्या बाजूनेही पाहू. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. त्याच अहवालानुसार ई-20 मुळे दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने आणि मोटारींचा 30 टक्क्यांनी कमी होतो. हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. त्यामुळे शहाडच्या पुलावर कोंडीत अडकलेल्यांसाठी ही चांगली बातमी आहे. मात्र नायट्रोजन ऑक्साइडमध्ये तसा ठोस फरक दिसलेला नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड थोडे वाढते. रस्त्यावरची धूळ तर तशीच राहते. म्हणजे दम्याच्या रुग्णाने मास्क काढावा, असे काही झालेले नाही.

वाचकांनी काय करावे? टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा पूर्ण भरा आणि भागाकार करा. असे तीन वेळा केल्यावरच मायलेजबद्दल बोला. दर पंधरा दिवसांनी टायरची हवा तपासा. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच दाखवा. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवा.

आणि नळी कधीही तोंडाला लावू नका. हातपंप थोड्या पैशांत मिळतो. चुकून पेट्रोल पोटात गेलेच, तर उलटी करवू नका. वर येताना ते फुप्फुसात शिरण्याचा धोका अधिक. मीठ-पाणी पाजू नका, थेट रुग्णालयात या. पहिल्या काही तासांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून निघून जाऊ नका.

तो तरुण तपासणीला परत आला तेव्हा खोकला थांबला होता. गाडी सत्तेचाळीस देत होती. “तीन अजून कमीच आहेत, साहेब,” तो म्हणाला. त्या तीनचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते पेट्रोलचा भाव ठरवणाऱ्यांनी द्यायचे आहे.