लॅपटॉप नाही? मोबाईलवरूनच उघडा स्विचचा कन्सोल

एखादी सेटिंग चुकली आणि ऑफिसचा स्विच नेटवर्कवरून दिसेनासा झाला, तर त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं? अशा वेळी कामाला येतो कन्सोल पोर्ट. त्याला आयपी अ‍ॅड्रेस लागत नाही, एक केबल पुरते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजी चालत असेल, तर लॅपटॉपचीही गरज नाही.

१. यूएसबी कन्सोल केबल ओटीजी अ‍ॅडॉप्टरने फोनला जोडा. दुसरं टोक स्विचच्या ‘कन्सोल’ लिहिलेल्या पोर्टमध्ये घाला. हा पोर्ट लॅन पोर्टसारखा दिसतो, पण इथे साधी लॅन केबल चालत नाही.

२. प्ले स्टोअरवरून ‘सीरियल यूएसबी टर्मिनल’ अ‍ॅप घ्या. फोन रूट करावा लागत नाही.

३. सिस्कोच्या स्विचसाठी सहसा बॉड रेट ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ असं ठेवा.

४. कनेक्ट करून एंटर दाबा. प्रॉम्प्ट आला की झालं! अगम्य अक्षरं दिसली, तर बहुधा बॉड रेट चुकलाय.

एक लक्षात ठेवा: कन्सोलपर्यंत हात पोहोचलेला माणूस बहुतेक वेळा पासवर्डही बदलू शकतो. म्हणून परवानगीशिवाय हे करू नका, आणि स्वतःच्या रॅकला कुलूप लावायला विसरू नका.