आईची आई कोण? रायगडच्या लेकींना इस्रायलमध्ये हा पुरावा का मागितला गेला?

माणगावहून महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघालं की कोलाड लागतं. तिथून आत वळलं की रोहा आणि कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. रोहेकर, अष्टमकर ही आडनावं या गावांची. पुढे पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर. अशी आडनावं लावणारी अनेक कुटुंबं आज इस्रायलमध्ये बेरशेवा, दिमोना, अशदोद, लोद या शहरांत राहतात. ही कुटुंबं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू.

१९६२मध्ये तिथे लग्न ठरलेल्या बेने इस्रायली मुलीला एक प्रश्न विचारला जाऊ लागला. तुझी आई ज्यू होती का? तिची आई? आणि तिची?

हे लोक कोकणात आले कधी?

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. नेमका काळ कोणता, यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’.

हिब्रू ग्रंथ हाताशी नसतानाही धर्म टिकला, आणि त्यात स्वयंपाकघराचा वाटा मोठा होता. सणांची नावंच बघा. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूरच्या उपवासाला दारं लावून घेत, म्हणून तो ‘दरफाळणीचा सण’. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. पुढे मराठीत ज्यू कीर्तनंही सुरू झाली. १८८०मध्ये ती परंपरा सुरू करणाऱ्या बेंजामिन शिमशोन यांचं आडनावही अष्टमकरच.

मग गाव का सोडलं?

इथे छळ झाला म्हणून हे लोक गेले नाहीत. ज्यूंवरच्या अत्याचारांच्या इतिहासात ही गोष्ट अपवादात्मक आहे. मे १९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि ‘आपल्या’ भूमीत परतण्याची ओढ, नव्या देशात मुलांचं भलं होईल ही आशा, अशा कारणांनी कुटुंबं निघाली. अनेक घरं तोवर रायगडातून मुंबईत आली होती.

तिथे वाट्याला आली निर्वासितांची छावणी. तंबू, पत्र्याच्या खोल्या, नेगेव वाळवंटाची धूळ आणि कुपनांवरचं रेशन. भात खाणाऱ्या घराला रोजचा पाव. भाषा हिब्रू, आणि घरातल्या मोठ्या बायकांना येत होती मराठी. त्यातच कामात आणि घरं देताना रंगावरून डावललं जातं, अशी तक्रार सुरू झाली. १९५१च्या अखेरीस काही कुटुंबांनी ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणत धरणं धरलं. १९५२मध्ये सुमारे दीडशे जणांना खरोखर मुंबईला परत आणलं गेलं. गंमत म्हणजे त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले.

पुरावा कशाचा होता?

इस्रायलमध्ये ज्यूंच्या लग्नाची नोंद धर्मगुरूंच्या म्हणजे रब्बींच्या यंत्रणेकडे असते. नागरी विवाहाची सोय देशात नाही. त्यामुळे रब्बींनी अडवलं की लग्न अडलं.

आक्षेप तांत्रिक होता. ज्यू धर्मशास्त्रानुसार विवाहित बाईने रीतसर ‘गेट’ म्हणजे घटस्फोटाचा लेख न घेता दुसरा संसार मांडला, तर त्या संबंधातून झालेलं मूल ‘मामझेर’ ठरतं. त्याला आणि त्याच्या वंशजांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, मग हे नियम पाळले कसे गेले असतील, अशी शंका काढली गेली. शिवाय ज्यूपण आईकडून येतं. म्हणून चौकशीचा रोख थेट घरातल्या बायकांवर.

ऑक्टोबर १९६१मध्ये मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायलींशी लग्नाला हरकत नाही असं ठरवलं होतं. पण फेब्रुवारी १९६२च्या सूचनांनी नोंदणी करणाऱ्या रब्बींना आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे तपासायला सांगितलं. आता विचार करा, रोह्याजवळच्या खेड्यात घाण्यावर राबलेल्या पणजीचा कागद आणायचा कुठून? वंशावळी लिहिल्या गेल्याच तरी त्या बहुधा बापाच्या बाजूने. आणि ज्याची शंका घेतली गेली, तो घटस्फोट या समाजात विरळाच होता. नियम एकाच समाजाचं नाव घेऊन काढला होता, हे सगळ्यात जास्त बोचलं.

पुढे काय झालं?

१९६४च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं होती. १७ ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने सूचनांतून समाजाचं नाव काढलं. चौकशीची तरतूद मात्र ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल’ त्या सर्वांसाठी राहिली. राजकीय लढाई जिंकली, धार्मिक अर्धीच. १९९७मध्येही पेताह तिकवाच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायली लग्नं लावायला नकार दिला आणि जुनी जखम पुन्हा उघडली.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. त्यात बेने इस्रायली सर्वाधिक. भारतात उरलेत काही हजार. १९८५पासून तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागलं. वयस्कर बायकांकडे हाताने लिहिलेल्या मराठी गाण्यांच्या वह्या आहेत, बायबलमधल्या कथांची गाणी मराठी चालींवर. नातवंडांना चाल ओळखीची असते, देवनागरी वाचता येतेच असं नाही. मग आजी म्हणते आणि नातवंडं हिब्रू अक्षरांत उतरवून घेतात.