‘श्यामची आई’ मुंबईत मोकळी, आयसेलिनमध्ये कुलूपबंद

न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये ओक ट्री रोडवर साड्या, सोनं, मिठाई आणि किराणा एका रांगेत मिळतात. आसपासच्या मराठी घरांतल्या कपाटात ‘श्यामची आई’ असणारच, असं मी धरून चालतो. गंमत अशी की, या पुस्तकाला मुंबईत एक कायदा लागतो आणि इथे दुसराच.

साने गुरुजी १९५० साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ तिथे कोणीही छापावी, ध्वनिमुद्रित करावी, इंटरनेटवर टाकावी. (आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांची पुस्तकं मोकळी होऊ लागली तेव्हा, १९९२ साली, ती वाढवली. वाढली मात्र सगळ्यांचीच.) अमेरिकेत एवढं जुनं पुस्तक असेल तर लेखक कधी वारला हे कोणी विचारत नाही, ते कधी प्रकाशित झालं हे बघतात आणि त्यापुढे ९५ वर्षं मोजतात. ‘श्यामची आई’ १९३५ साली आली. म्हणजे आयसेलिनमध्ये ती मोकळी होणार १ जानेवारी २०३१ रोजी. तोवर दादरच्या माणसाने बिनधास्त अपलोड केलेली प्रत आयसेलिनच्या माणसाने अपलोड केली, तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो!

हे कुलूप लावलं १९९४ च्या एका अमेरिकी कायद्याने. ज्या परदेशी कृतींवर मायदेशात १९९६ च्या सुरुवातीला हक्क शिल्लक होता, त्यांना अमेरिकेतही हक्क बहाल झाले. आधी मोकळ्या असलेल्यांनासुद्धा. प्रोकोफिएफचं ‘पीटर अँड द वुल्फ’ असंच पुन्हा बंदिस्त झालं. लॉरेन्स गोलान हे वाद्यवृंद-संचालक चिडून न्यायालयात गेले. एकदा लोकांचं झालेलं परत काढून कसं घेता, हा त्यांचा सवाल. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात ते ६ विरुद्ध २ असे हरले. दुसरी बाजूही पोकळ नव्हती: आमच्या लेखकांना परदेशात संरक्षण हवं, तर त्यांच्या लेखकांना इथे द्यायलाच हवं. तरी मला गोलान यांचा सवाल अजून सुटलेला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी मात्र वाचक जिंकले. सुपाप कर्टसेंग हा अमेरिकेत शिकणारा थाई विद्यार्थी. घरच्यांकडून तो स्वस्त परदेशी आवृत्तीतली पाठ्यपुस्तकं मागवी आणि ईबेवर विकी. प्रकाशक वायली, आयसेलिनच्याच राज्यातल्या होबोकेनचे. त्यांनी दावा लावला, ज्यूरीने ६ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. प्रश्न एवढाच होता की, विकत घेतलेली प्रत पुढे विकायचा हक्क परदेशात छापलेल्या पुस्तकालाही लागू होतो का? तेव्हा ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं आणि पब्लिक नॉलेजसारख्या लोकहितवादी संस्था न्यायालयाचे मित्र म्हणून पुढे आल्या. दाव्यात त्या पक्षकार नव्हत्या, पण निकालाची झळ त्यांनाच बसणार होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सांगितलं की, ग्रंथालयांत परदेशात प्रकाशित झालेली किमान २० कोटी पुस्तकं आहेत. प्रत्येकासाठी परवानगी मागायला जायचं कुठे? १९ मार्च २०१३ रोजी निकाल ६ विरुद्ध ३ असा विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. तो लिहिला न्यायमूर्ती ब्रेयर यांनी, विरोध नोंदवला गिन्सबर्ग यांनी. गोलान खटल्यात नेमकं उलट होतं.

म्हणूनच पुण्याहून बॅगेत आलेली, रीतसर विकत घेतलेली प्रत आयसेलिनमध्ये बिनदिक्कत विकता येते, भेट देता येते, ग्रंथालयालाही देता येते. कागद सुटला, मजकूर अडकला. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपात आली, म्हणून त्यांची ६० वर्षं भारतातही प्रकाशनापासून मोजतात. भारतात ती २०१३ पासून मोकळी आहेत, अमेरिकेत २०४८ उजाडावं लागेल.

आणि हे गणित कधी उलटंही फिरतं. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं भारतात २०६१ साली मोकळी होतील. ‘बटाट्याची चाळ’ आली १९५८ साली. अमेरिकी हिशेबाने ९५ वर्षं २०५३ अखेर भरतात. कायदे असेच राहिले, तर मुंबईतली ही चाळ आधी आयसेलिनमध्ये मोकळी होईल आणि खुद्द मुंबईत त्यानंतर सात वर्षांनी.