शोधयंत्राची स्मृती

प्रवरेकाठच्या बेलापूर गावाला रेल्वेने जायचे, तर 'बेलापूर' याच नावाच्या स्टेशनावर उतरावे लागते. पण ते स्टेशन आहे श्रीरामपूर शहरात. शिवाय नवी मुंबईतही एक बेलापूर आहेच. गोंधळ टाळण्यासाठी आपण शोधयंत्राला 'बेलापूर श्रीरामपूर' असे दोन शब्द देतो. अब्जावधी पानांतून निवडलेले उत्तर सेकंदाच्या आत पडद्यावर येते. हे कसे साधते?

शोधयंत्र त्या क्षणी पाने वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. समजा, 'बेलापूर' हा शब्द 3, 8, 15, 21 या पानांवर आहे आणि 'श्रीरामपूर' 2, 8, 21, 30 या पानांवर. दोन्ही याद्यांत समाईक पाने 8 आणि 21. गणितात यालाच आपण संचांचा छेद म्हणतो.

ही सूची ठेवायची कुठे? हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. रॅम या स्मृतीतून वाचायला सुमारे 100 नॅनोसेकंद. भागाकार करून पाहा: 1 लाख पट! स्मृतीला 1 सेकंद लागतो असे धरले, तर तबकडीला जवळजवळ 28 तास लागतील. आजचे एसएसडी साठे तबकडीहून पुष्कळ जलद असले, तरी स्मृतीच्या मागेच आहेत. म्हणूनच 2001 साली गूगलने आपली सूची असंख्य संगणकांच्या स्मृतीत वाटून ठेवली. एका संगणकात ती मावणे शक्य नव्हते.

दुसरी युक्ती कॅशची. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरेच स्मृतीत ठेवायची. ग्रंथपाल नेहमी मागितली जाणारी पुस्तके टेबलावरच ठेवतात, तसे. टेबल भरले की बरेच दिवस कोणी न मागितलेले पुस्तक कपाटात परत जाते.

मात्र तयार उत्तर शिळेही होते. 2024 साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. स्मृतीतले उत्तर त्याआधीचे असेल, तर ते झटकन मिळेल, पण जुने मिळेल. म्हणून अशा उत्तरांना मुदत घालतात. मुदत लांबवली तर वेग वाढतो, आखूड केली तर ताजेपणा.

वर्गात हे करून पाहता येईल. एका मुलाला नुसते पुस्तक द्या, दुसऱ्याला पुस्तक आणि शब्दसूची, तिसऱ्याला आधीच्या दहा उत्तरांची चिठ्ठी. प्रश्न विचारा, घड्याळ लावा. मग पुस्तकातील एका नावावर नवे नाव चिकटवा. चिठ्ठी तशीच राहू द्या. सर्वांत आधी हात वर करणाराच आता चुकेल. का, ते मुलांनाच सांगू द्या.