बौद्ध विहारात ‘एकब्राह्मण’

नाशिकच्या पांडवलेण्यात गेलात, तर दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीतली अक्षरं जरूर बघा. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी ती कोरवून घेतली उषवदाताने. हा शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या कुळातला. क्षत्रप नहपानाचा जावई. लेणं दिलंय बौद्ध भिक्षूंना, पण लेखाची सुरुवात तीन लाख गायींच्या दानाने! पाठोपाठ देवाब्राह्मणांना सोळा गावं, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण, प्रभासतीर्थी ब्राह्मणांची लग्नं. (आकडे फुगवलेले असणार, दात्यांची ती जुनी खोड.) भरुकच्छ (भरूच), शूर्पारक (सोपारा) अशा ठिकाणी धर्मशाळा, दमण-डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा. एवढं सांगून झाल्यावर मग भिक्षूंचं लेणं.

दुसऱ्या लेखातला हिशेब मात्र चोख आहे. भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण जवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ठेवले. त्यातल्या २,००० वर व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०! मुद्दलाला हात लावायचा नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दफ्तरी नोंदवलं.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा उठवला आहे. शत्रूचं नाव असं पुसणाऱ्याने शत्रूने पोसलेल्या भिक्षूंचं काय करावं? उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत त्याने त्यांनाच देऊन टाकलं. काही वर्षांनी कळलं की त्या शेताचं गाव ओस पडलंय, शेत कुणी कसत नाही. मग राजा आणि राजमाता यांच्या नावे हुकूम सुटला: त्याऐवजी शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तनं सरकारी जमीन द्या.

हे हुकूम तीन नंबरच्या लेण्यात आहेत. तिथेच राजमाता गौतमी बलश्रीने मुलाची प्रशस्ती कोरवली. त्या प्रशस्तीत तो ‘एकब्राह्मण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण आहे, राम-केशव-अर्जुनासारखा पराक्रमी आहे, चार वर्णांचा संकर थांबवणारा आहे. आणि हे सारं बौद्ध विहाराच्या भिंतीवर! भिक्षूंनी ते कोरू दिलं, याचं मला जास्त नवल वाटतं.

या दानांत राजकारण होतंच. तेराव्या शतकात चीन जिंकणाऱ्या मंगोलांनीही बौद्ध, ताओपंथी, ख्रिस्ती धर्मगुरूंना करमाफी दिली. मोबदल्यात खानासाठी प्रार्थना हवी. कन्फ्यूशियसच्या पंडितांनाही सवलती मिळाल्या, आणि १३१५ मध्ये त्यांच्या ग्रंथांवरच्या सरकारी परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. परक्या राज्यकर्त्याला स्थानिक आशीर्वाद लागतातच.

पण नाशिकला दान फक्त दरबारातून आलं नाही. सतरा नंबरचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं. त्यानंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात एका शक बाईने भिक्षुसंघातल्या आजाऱ्यांच्या औषधासाठी कुंभार, तेली अशा श्रेणींकडे ठेव ठेवली. ती बुद्धाची उपासिका, वडील अग्निवर्मा, आणि तिचं नाव विष्णुदत्ता.